चादरी वाळायचा दिवस

दोरीची गाठ तिनं दातांनी ओढून घट्ट केली, तोंडात आलेलं सूत थुंकून टाकलं आणि गच्चीवरूनच खाली हाक मारली.

“अहो, बादल्या वर आणताय, की मीच येऊ?”

खालून उत्तर येणार नाही हे तिला ठाऊकच होतं. नवरा सकाळपासून ड्रायरच्या पोटात डोकं खुपसून बसला होता. ऐन कामाच्या वेळी ते खोकं बंद पडलं होतं, आणि बंद पडायच्या आधी त्यानं जळक्या रबराचा असा वास सोडला होता की दुकानात उभं राहवेना. ती त्याला ड्रायर कधी म्हणालीच नाही. खोकं म्हणायची. घेतलं त्या दिवसापासून.

गेला आठवडाभर आभाळ नुसतं चिघळलेलं होतं. पाऊस धड पडेना, धड थांबेना. भिंतींना ओल आली होती, धुतलेल्या चादरींना कुबट वास मारायला लागला होता, आणि वृद्धाश्रमाचे गठ्ठे दुकानात छताला टेकायचे बाकी होते. आज सकाळी मात्र आभाळ लख्ख निघालं. ऊन कसं, डोळ्यांत खुपेल असं. आणि वर कोरडा, खडखडीत वारा. अशा दिवशी चादर दोरीवर टाकावी, खाली जाऊन चहा घ्यावा आणि वर येऊन घडी घालावी. धुलाईच्या धंद्यात ज्याचे हात भिजलेत, त्याला असा दिवस वाया घालवणं म्हणजे ताटातलं अन्न उकिरड्यावर टाकण्यासारखं वाटतं.

नवरा जिना चढून वर आला, पण रिकाम्या हातानं. हात काळे, कपाळाला ग्रीसचा पट्टा.

“दोऱ्या कशाला बांधल्यास?”

“झोका खेळायला.”

“बेल्ट तुटलाय. नवा आणतो. दुपारपर्यंत सुरू होईल.”

“आणि नाही झालं तर? संध्याकाळी आश्रमाची गाडी येईल, तेव्हा काय ओल्या चादरी देऊ? म्हातारे गारठून गेले म्हणजे तुम्ही सुटलात!”

“वर नको घालूस.”

“का?”

त्यानं कठड्यापलीकडे पाहिलं. मागून कालवा जात होता आणि कालव्याच्या काठानं सुरूच्या झाडांची रांग होती. पार पुलापर्यंत. वाऱ्यानं सगळी एका अंगाला कलली होती आणि सूं सूं आवाज करत होती.

“धूळ बसते,” तो म्हणाला.

“धूळ! आठवडाभराच्या पावसानं दगडसुद्धा धुऊन निघालेत. कुठली धूळ?”

“कावळे असतात.”

“मागच्या वेळी चोर असतात म्हणाला होतात. एकदा काय ते ठरवा.”

“ऐक माझं. मी येईपर्यंत थांब.”

“थांबले होते एकदा तुमची वाट बघत,” ती म्हणाली. “काय झालं ते आहेच की समोर.”

या वाक्यापुढे तो नेहमीच माघार घेत असे. तो खाली गेला, त्याची स्कूटर दोनदा खोकली, सुरू झाली आणि गल्लीच्या तोंडाशी वळली. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, असं काहीसं ती त्याच्या पाठीमागे पुटपुटली आणि बादल्या आणायला स्वतःच खाली उतरली.

गल्लीत तिला मागून ‘इस्त्री’ म्हणत. ठेवाल तिथे चटका. तिच्या कानावर ते आलं होतं, आणि तिला त्याचं फारसं वाईट वाटलं नव्हतं. पूर्वी ती अशी नव्हती, हे सांगणारं गल्लीत आता कुणी उरलं नव्हतं.

दोऱ्या तिनं कठड्यातल्या लोखंडी थोट्यांना बांधल्या होत्या. इथे पूर्वी पुरुषभर उंचीचे खांब होते, टाकीपासून कठड्यापर्यंत सहा रांगा दोऱ्या होत्या, आणि अशा दिवशी गच्ची रस्त्यावरूनसुद्धा पांढरी दिसत असे. त्या चादरींच्या गल्ल्यांमधून त्यांची पोर धावायची. एका टोकाला आत शिरायची, दुसऱ्या टोकाला बाहेर यायची, ओल्या चादरी तोंडावर घेत, खिदळत. तिला ते भिंगरी म्हणत. भिंगरीला दमा होता, पण थोडका. थंडीच्या दिवसांत छाती वाजायची, वाफ दिली की उतरायचं. आई म्हणून तिनं कशात काही कमी केलं नव्हतं. पोरीची चादर रोज बदलायची, आणि ती नेहमी उन्हात कडकडीत वाळलेलीच घालायची. ओलसर कापडानं छाती धरते, हे ती आपल्या आईकडून शिकली होती.

तो दिवसही आजच्यासारखाच होता. पावसाची ओल सरून पहिलं ऊन पडलेलं. पोर दिवसभर गच्चीवर होती. संध्याकाळी तिनं दोरीवरची चादर काढली तशीच, उन्हाच्या वासाची, पोरीभोवती गुंडाळली आणि तिला निजवलं. थोड्या वेळानं पोर उठून बसली. श्वास बाहेर सोडता येईना. वाफ दिली, औषध दिलं, काही उतार नाही. नवरा गाडी घेऊन लॉजचे कपडे पोचवायला गेला होता. ती पोरीला कडेवर घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येक दिव्याकडे बघत राहिली. तो आला तेव्हा पोरीचे ओठ निळे पडले होते. दवाखान्यात दम लागलेली माणसं बाकांवर, जिन्यावर बसली होती. डॉक्टर आतबाहेर पळत होते. पोरीला त्यांनी आत नेलं, आणि पोर बाहेर आली नाही.

मग डॉक्टरनं नवऱ्याला एकट्याला आत बोलावलं. काचेच्या दारातून ती बघत होती. डॉक्टर बराच वेळ बोलत होता. पोरीची चादर टेबलावर होती. ती चादर उचलून डॉक्टरनं तिच्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट दिव्याखाली धरलं. त्या वेळी तिला त्यातलं काही समजत नव्हतं. तिला नुसतं दिसत होतं. नवरा बाहेर आला, तिच्यासमोर भिंतीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला,

“डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर वाचली असती.”

“उशीर केलात,” ती म्हणाली.

“हो. झाला उशीर.”

तेव्हापासून हे दोन शब्द घरात राहायला आले. दूध आणायला वेळ लागला, उशीर केलात. जेवायला यायला वेळ लागला, उशीर केलात. कधी रागानं, कधी सवयीनं, कधी नुसतंच. आणि तो दर वेळी तेच म्हणायचा, हो, झाला उशीर. एकदा तरी त्यानं उलटून बोलावं, ताट भिरकावावं, असं तिला वाटायचं. मग भांडता आलं असतं. मुकाट ऐकणाऱ्या माणसाशी भांडून भांडून माणूस शेवटी नुसता कडू होतो.

पोर गेल्यावर काही दिवसांतच त्यानं हॅकसॉ आणून सगळे खांब बुडापासून कापले. शेजारी म्हणाले, दुःखानं डोकं फिरलंय. मग ते खोकं आणलं. ती चादर कुठाय म्हणून तिनं विचारलं, तर म्हणाला, हरवली. पोरीच्या अंगावरची शेवटची चादर, आणि हा गृहस्थ ती हरवून आला! त्याबद्दल तिनं त्याला कधी माफ केलं नव्हतं. उशिराबद्दल एक वेळ केलं असतं.

शेवटची चादर दोरीवर टाकून तिनं कोपरे ताणले. वाऱ्यानं चादर फाडकन भरली. किती वर्षांनी हा आवाज ऐकला, असं तिच्या मनात आलं, आणि तिला एकाच वेळी बरंही वाटलं आणि रडूही आलं. चादरींच्या मध्ये ती थोडा वेळ उभी राहिली. मग खाली चहा टाकायला गेली.

चहा उकळत असताना जिन्याशी कुणीतरी कडी वाजवली.

“मावशी, काका आहेत का?”

ती डबीवाली होती. हवामान खात्याची बाई. वर्षभरापूर्वी घरमालकानं गच्चीच्या कोपऱ्यात खात्याला एक यंत्र बसवू दिलं होतं. पिंपासारखं, आणि मागे माशाच्या शेपटीसारखा पत्रा. वारा येईल तिकडे आपसूक तोंड फिरवायचं. आत एक गोल डबी असायची, ती बदलायला ही दर आठवड्याला यायची. यंत्र बसवू नये म्हणून नवरा घरमालकाशी चक्क भांडला होता, तोच जो कुणाशी ब्र काढत नसे. ते जमलं नाही तेव्हा त्यानं दुसरंच धरलं. बाई आली की हातातलं काम टाकून तो स्वतः तिच्याबरोबर वर जायचा आणि तिला बाहेरच्या बाहेर वाटेला लावायचा. चहासुद्धा विचारू द्यायचा नाही. “या वयात काय थेरं,” असं म्हणून तिनं एकदा त्याची थट्टा केली होती. तो हसलासुद्धा नव्हता.

“ते गेलेत बेल्ट आणायला. ये की वर, मी आहे ना. मी काय खाते तुला?”

“नाही, काका म्हणतात तुमचे गुडघे दुखतात, वर येत नाही तुम्ही.”

“माझे गुडघे? त्यांचीच जीभ दुखत असेल, म्हणून दुसरं काही सुचत नाही त्यांना. चल.”

दोन कप घेऊन ती डबीवालीच्या मागून वर गेली. डबीवाली गच्चीच्या दारातच थांबली.

“अगं बाई! मावशी, आज घातल्यात?”

“मग कधी घालू? पावसात?”

डबीवाली हसली, पण चादरींकडे बघत राहिली. चहा कठड्यावर ठेवून तिनं यंत्र उघडलं, जुनी डबी काढली, नवी बसवली. डबीभोवती पारदर्शक फीत होती, तिच्यावर कसलासा चिकटा फासलेला.

“काय सापडतं गं त्यात? माश्या?”

“परागकण. झाडांच्या फुलांतली भुकटी. हे यंत्र माणसासारखा श्वास घेतं, आणि हवेत जे असेल ते या फितीला चिकटतं. मग आम्ही बघतो, कुठल्या दिवशी किती होतं.”

“रोजचं वेगळं असतं?”

“रोजचं कशाला, तासातासाचं वेगळं. सगळा हवेचा खेळ.” डबीवालीनं कालव्याकडे बोट केलं. “ही सुरूची झाडं बघा ना. टोकांना तांबूस तुरे आलेत. त्यांत बारीक पिशव्या असतात. दमट हवेत त्या उघडतच नाहीत. ऊन लागून वाळल्या की तडकतात, शेंग तडकते तशा. गेला आठवडाभर सगळं आतच अडकून होतं. हवेत जे काही थोडं होतं तेही पावसानं खाली बसवलं. आज पहिलं कोरडं ऊन, वर असा वारा. शाळा सुटावी तसं सगळं एकदम बाहेर.”

“दिसत तर नाही काही.”

“एक एक दिसत नाही. साचलं की दिसतं.” डबीवालीनं चहाचा घोट घेतला. “दुपारी गरम हवेबरोबर उंच जातं, आणि संध्याकाळी हवा गार झाली की खाली उतरतं. नेमकं लोक दारात येऊन बसतात तेव्हा. दमेकऱ्यांचे हाल. आम्ही त्यांना सांगतो, अशा दिवशी खिडक्या लावा, आणि काही झालं तरी कपडे बाहेर वाळत घालू नका.”

“कपड्यांनी काय होतंय? उन्हातलं कापड म्हणजे उलट—”

“मावशी, मी फितीला चिकटा लावते, तुम्ही चादर ओली करता. फरक एवढाच की माझी फीत बोटभर आहे.” ती हसत म्हणाली. तिला त्यात गंमतच वाटत होती. “कपडे वाळायला जो दिवस चांगला, तोच यांच्या उडण्याला. तुमचा आणि झाडांचा मुहूर्त एकच. हे बघा.”

तिनं जवळची चादर हातात घेतली. एव्हाना ती जवळजवळ वाळली होती. तिच्यावरून तिनं एक बोट फिरवलं आणि ते बोट उन्हात धरलं. बोटाच्या टोकावर फिकट पिवळी, हळदीचा हात पुसून टाकल्यावर राहते तेवढी, भुकटी होती.

धुलाईवाली त्या बोटाकडे बघत राहिली.

“काकांनी नाही सांगितलं तुम्हाला?” डबीवाली बोट झटकत म्हणाली. “त्यांना तर माझ्याइतकंच कळतं. मी डबी काढायच्या आधीच सांगतात, आज कमी असेल, रात्री पाऊस होता. मी विचारलं, तुम्हाला हो कसं माहीत? तर म्हणाले, एका डॉक्टरनं समजावलं होतं. फार वर्षांपूर्वी.”

“असं म्हणाले?”

“हो. मावशी, बरं वाटत नाही का तुम्हाला? बसा जरा.”

“ऊन लागलं,” ती म्हणाली. “सवय राहिली नाही. तू जा, तुला पुढे कामं असतील.”

डबीवाली गेली. खाली कडी वाजली. धुलाईवाली टाकीच्या सावलीत बसली. चादरी फडफडत होत्या, सुरूची झाडं सूं सूं करत होती, आणि तिच्या कपातल्या चहावर साय धरत होती.

म्हणजे मी, तिच्या मनात आलं. मीच.

दिवसभर पोर ओल्या चादरी तोंडावर घेत धावत होती. आणि संध्याकाळी तिला बरं वाटावं म्हणून, छाती धरू नये म्हणून, त्यांतलीच एक काढून आपण तिच्याभोवती गुंडाळली. गळ्यापर्यंत. नाकापर्यंत. पोर म्हणाली होती, आई, उन्हाचा वास येतोय. आणि आपण म्हणालो होतो, घे, भरपूर घे.

तिनं दोन्ही हात तोंडावर दाबले. रडणं आलं नाही. घशातून नुसता एक आवाज निघाला, आणि तो तिचा तिलाच ओळखू आला नाही. आपण आत्ताच्या आत्ता या कठड्यावरून खाली गेलो तर बरं, असं तिला अगदी शांतपणे वाटलं. किती वेळ वाटत राहिलं कुणास ठाऊक. ऊन सरकून तिच्या पायांवर आलं.

मग तिला काचेचं दार आठवलं. डॉक्टरचं बोट आठवलं. दाराच्या आत उभा असलेला नवरा आठवला. डॉक्टर बोलत होता आणि तो मान खाली घालून ऐकत होता, आणि मग मान वर करून त्यानं काचेतून तिच्याकडे पाहिलं होतं. एकदाच. बाहेर यायला त्याला दहा पावलं चालावी लागली असतील. तेवढ्यात त्यानं काय बोलायचं ते ठरवलं. आणि बाहेर येऊन आपल्याच हातानं तिच्या हातात काठी दिली, जन्मभर आपल्यालाच मारायला.

चादर हरवली नव्हती. खांब डोकं फिरून कापले नव्हते. खोकं हौसेनं आणलं नव्हतं.

आणि आपण काय केलं? दूध आणायला वेळ लागला तरी. जेवायला यायला वेळ लागला तरी.

“अहो,” ती मोठ्यानं म्हणाली.

ती उठली. तिनं एकेक चादर खाली काढली. बरोबर उलट्या क्रमानं, शेवटची आधी. झटकली नाही, आत दुमडून घेतली, विंचू गुंडाळावा तशी. या चादरींवर आज म्हातारी माणसं निजणार होती. तिनं गाठी सोडल्या, दोऱ्यांची वेटोळी करून माळ्यावर होती तिथे ठेवली. धुण्याच्या यंत्रांत पुन्हा पाणी भरलं, सगळ्या चादरी पुन्हा घातल्या, खिडक्या लावून घेतल्या. मग वृद्धाश्रमात फोन लावला.

“चादरी उद्या सकाळी मिळतील,” ती म्हणाली.

पलीकडची बाई बोलायला लागली. हे काय चाललंय, आठवडाभर हेच ऐकतोय, जमत नसेल तर दुसरीकडे देऊ काम. एरवी या इस्त्रीनं त्या बाईला फोनवरून चटका दिला असता. आज तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“बरोबर आहे तुमचं,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दिवस कलला तरी नवऱ्याचा पत्ता नव्हता. तिनं पिळलेली पहिली चादर टेबलावर पसरली आणि इस्त्रीनं वाळवायला सुरुवात केली. ओल्या कापडावर इस्त्री ठेवली की वाफेचा लोट उठतो, आणि मग तिथेच दाबून धरायची. एका चादरीला तासभर जातो अशानं. हात चालत होते आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. तो आला की काय करायचं. पाय धरायचे? रडायचं? माझ्यामुळे गेली आणि तुम्ही ऐकून घेत राहिलात, असं म्हणायचं?

म्हटलं की संपलं. इतकी वर्षं त्यानं एकच गोष्ट जपली होती, बाकी सगळं घालवून. बायकोचं गोड बोलणं घालवलं, गल्लीतली पत घालवली, उन्हाचे सगळे दिवस घालवले. त्या बदल्यात एवढंच राखलं, की हिला कळू नये. आज कळलं म्हणून सांगणं म्हणजे त्याच्या हातातली ती एकच वस्तू काढून घेऊन फोडणं. माफी मागून आपल्याला हलकं वाटेल. त्याच्या हाती काय राहील?

स्कूटर दारात थांबली तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते.

तो आत आला. खांद्याला पिशवी, चेहरा उन्हानं रापलेला. आधी त्यानं जिन्याकडे पाहिलं, मग बंद खिडक्यांकडे, मग टेबलावरच्या ओल्या चादरीकडे.

“वर नाही घातल्यास?”

“घालणार होते. कंटाळा आला.”

तिच्या डोक्याकडे त्याची नजर गेली. तिनं केसांवरून हात फिरवला तेव्हा बोटांना बारीक भुकटी लागली. तिनं हात मागे कमरेला पुसला.

“डबीवाली आली होती?” त्यानं विचारलं. अगदी सहज विचारल्यासारखं, पिशवीचा बंद सोडता सोडता. पण बंद सुटत नव्हता.

“आली होती.”

“काय म्हणाली?”

“ती काय म्हणणार? तिची डबी आणि ती. मी खालूनच चहा दिला, माझे गुडघे दुखतात ना.”

पिशवी हातात धरून तो दारातच उभा राहिला. दुकानात नुसता इस्त्रीचा वास आणि यंत्रात फिरणाऱ्या पाण्याचा आवाज. तो तिच्या तोंडाकडे बघत होता. इतक्या वर्षांत तो इतका उशिरा घरी आला आणि तिनं काही ऐकवलं नाही असं एकदाही झालं नव्हतं. ते ऐकायलाच तो थांबला होता, हे तिला दिसलं. आज ते आलं नाही, तर पुढचं सगळं त्याला न सांगता कळणार होतं. त्याचे खांदे आधीच आत ओढले गेले होते, बुक्की बसायच्या आधी माणूस ओढून घेतो तसे.

तिनं इस्त्री उभी करून ठेवली.

“उशीर केलात,” ती म्हणाली.

आवाज नेहमीसारखा आला. कडू, कोरडा. कुठेही हलला नाही.

नवऱ्याचे खांदे खाली आले.

“हो,” तो म्हणाला. “झाला उशीर.”

मग त्यानं पिशवीचा बंद सोडला, बेल्ट बाहेर काढला आणि खोक्याजवळ मांडी घालून बसला. तिनं इस्त्री पुन्हा ओल्या कापडावर टेकवली आणि वाफेवर तोंड धरलं. वाफेनं डोळ्यांत पाणी येतंच. धुलाईच्या दुकानात त्याचं कुणी काही विचारत नाही.